सुट्टीत आलेला लोदकर

मुलांनो, सुट्टी लागली की आपण मामाच्या गावाला जातो. लालबाग-परळची निम्मी मुलं तर मे महिन्यात कोकणातच असतात आणि जूनमध्ये काळीभोर होऊन वर्गात येतात. पण एखाद्याच्या आजीचं माहेरच आपल्या मुंबईत असेल आणि तिथे यायला त्याला सुमारे चार हजार किलोमीटर विमानाने यावं लागत असेल तर?

असा एक मुलगा २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी येऊन गेला. वय वर्षे अकरा, गाव लोद, देश इस्रायल. तिकडे शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी असते. नातू आजीबरोबर आला होता आणि त्याची आजी म्हणजे माझ्या आईची बालमैत्रीण.

दोघी सात रस्त्याजवळच्या एका चाळीत वाढल्या. दारं समोरासमोर, शाळा एकच, बाकही एकच. १९६९ साली, बारा वर्षांची असताना, मैत्रीण आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली. सुरुवातीला पत्रं यायची. पुढे आईचं लग्न झालं, पत्ता बदलला, चाळही पाडली गेली. कुणाचं पत्र कुठे अडकलं देव जाणे! कितीतरी वर्षं दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

मग ही मावशी (मी तिला मावशीच म्हणते) नातवाला घेऊन थेट सात रस्त्याला गेली. चाळ नव्हती, पण कोपऱ्यावरची पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याने नाव ऐकून विचारलं, "परळला दिलेली ती का? तिचा भाऊ येतो की माझ्याकडे दळण घेऊन!" झालं, संध्याकाळी आमच्या दारावरची बेल वाजली. आईने दार उघडलं. समोर पांढऱ्या केसांची, पँट घातलेली बाई. आई नुसती बघतच राहिली. ती बाई म्हणाली, "माझे चाराणे कधी देणार गं तू?"

आईने त्या रात्री तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर घालायला विसरली.

त्यांचा मुक्काम ठाण्याला नातेवाईकांकडे होता, पण पहिली रात्र दोघी आमच्याकडेच राहिल्या. पहाटे मावशी उठून विचारते, "भोंगा झाला का गं?" गिरणीचा भोंगा! १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले, हे तिला ऐकून माहीत होतं. पण झोपेतल्या कानांना कोण सांगणार? तिचं मराठी १९६९ सालात थांबलेलं. ती बाराणे-चाराणे म्हणते, ट्रामच्या आठवणी काढते. (ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तेव्हा ती सात वर्षांची होती.) आमच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द ऐकून मात्र ती वैतागायची. "तुम्ही मराठी विसरलात की काय?" हे एका मराठी शाळेतल्या बाईंना ऐकावं लागलं!

आता तुम्ही विचाराल, इस्रायलची माणसं इतकं अस्सल मराठी कशी बोलतात? तर मुलांनो, मावशी आहे बेने इस्रायल. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं. हे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांच्यात पूर्वापार सांगतात, की शेकडो वर्षांपूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ही कथा आहे, पुरावा नाही. पण ते लोक कोकणात शतकानुशतकं राहिले हे खरंच. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना काय म्हणत ठाऊक आहे? शनवार तेली!

पुढे ते मुंबईत आले. समाजी हसाजी दिवेकर या फौजेतल्या गृहस्थांनी १७९६ साली मांडवी भागात त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. बेने इस्रायल त्याला 'मशीद'च म्हणत आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं अनेकजण मानतात. माझगावची सर एली कदुरी शाळा हैम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ साली सुरू केली. महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस मार्ग आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पायाखालचा. हे डॉक्टर म्हणजे एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७ साली मुंबईचे महापौर होते. आणि आईबाबांना विचारा 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा आठवतात का. ते नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव होतं डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, चेऊलकर. लक्षात आलं ना? या आडनावांची गंमत पुढे येणार आहे, ती ध्यानात ठेवा.

आमच्या पाहुण्याला मराठीतले पाचच शब्द येत होते: आजी, पाणी, चल, नको आणि खोबरं. घरी तो हिब्रू बोलतो, शाळेत थोडं इंग्रजी शिकतो. माझ्या दहा वर्षांच्या भाचीची आणि त्याची गट्टी जमली ती कॅरमवर. सोंगट्या मोजताना ती म्हणायची एक, दोन, तीन. तो म्हणायचा अहात, श्तायिम, शालोश. दुसऱ्या दिवशी दोघांनी भाषांची अदलाबदल केली आणि भाची हिब्रूत मोजून चीटिंग करू लागली. मीही एक शब्द उचलला, 'शेकेट!' म्हणजे शांत बसा. सोमवारी वर्गात ओरडून पाहिला. मुलं इतकी चकित झाली की चांगली दोन मिनिटं पिनड्रॉप शांतता! तिसऱ्या मिनिटाला सगळा वर्ग शेकेट-शेकेट ओरडत होता, ते सोडा.

जेवणाचं आईला मोठं टेन्शन होतं. ते लोक कोळंबी, खेकडे खात नाहीत, मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. म्हणून त्यांच्या कितीतरी पदार्थांत दुधाऐवजी नारळाचं दूध असतं. पण श्रावण चालू होता, आमच्याकडे मासळी-मटण बंदच, त्यामुळे प्रश्नच मिटला. ११ ऑगस्टला मावशीचा कडक उपवास होता. जेरुसलेमचं प्राचीन मंदिर पाडलं गेलं त्याच्या दुःखाचा तो दिवस. जगभरचे यहुदी तो पाळतात, पण आपल्या कोकणातल्या यहुद्यांनी त्याला नाव दिलंय 'बिरड्याचा रोजा'. का? तर संध्याकाळी उपवास सोडताना वालाचं बिरडं खायचं म्हणून! आईने दोन दिवस आधी वाल भिजत घातले, मोड आणले, आणि आम्ही सगळे ओट्याभोवती बसून ते सोलले. पाहुण्याला सोलण्याचा खेळ भारी आवडला. वाल बोटांतून सटकून भिंतीवर आपटायचा. सगळ्यात लांब कुणाचा जातो अशी स्पर्धाच लागली.

जेवताना मावशीने एक गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांनी जायचा निर्णय कितीतरी वर्षं पुढे ढकलला होता. कारण आधी गेलेल्या नातेवाईकांची पत्रं यायची, की इथले काही धर्मगुरू आम्हाला खरे यहुदी मानायला तयार नाहीत, लग्नाच्या वेळी आजीपणजीचा पुरावा मागतात. विचार करा! कोकणात शेकडो वर्षं ज्यांनी शनिवारी घाणा फिरवला नाही, त्यांना विचारायचं तुम्ही खरे का? लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदीच आहेत. तेव्हा कुठे वडिलांनी मन पक्कं केलं. "पण विमानात बसल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून बसले," मावशी म्हणाली, "ते थेट उतरेपर्यंत."

आणि मग तो अलिबागचा रविवार. (शनिवारी मावशी प्रवास करत नाही.) पावसाळ्यामुळे गेटवेवरून मांडव्याच्या लाँची बंद होत्या, म्हणून परळहून एस.टी. पकडली. धो धो पाऊस, वडखळला ट्रॅफिक, खड्डे असे की पाहुणा प्रत्येक खड्ड्याला टाळ्या वाजवायचा. पेण आलं. मावशीने काच पुसून पाटी दाखवली आणि म्हणाली, "माझी आत्या पेणकरांकडे दिलेली." पुढे पेझारी आली. "पेझारकर आमच्या मागच्या बिल्डिंगीत राहतात, लोदला." मग सांगत सुटली: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर, चेऊल म्हणजे आपलं चौल, तिथले चेऊलकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत म्हणे. ज्या गावात घाणा, त्या गावाचं आडनाव. माणसं समुद्रापार गेली, गावं आडनावात बांधून घेऊन गेली!

नातू लक्ष देऊन ऐकत होता. आजी त्याला हिब्रूत समजावत होती. त्याच्या बाबांचं घराणं दुसऱ्याच देशातून आलेलं, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या आडनावात 'कर' नाही. मला विचारलं, "तुम्ही?" म्हटलं, आडनाव वेगळं, पण माझा जन्म लालबागचा, म्हणजे मी लालबागकर. त्याने थोडा विचार केला आणि छातीवर बोट ठेवून म्हणाला, "लोदकर?"

अख्खी एस.टी. वळून बघेल इतकं आम्ही हसलो. मावशी हसता हसता रडली.

अलिबागमध्ये इस्रायल आळी पाहिली आणि रिक्षा करून नवगावला गेलो. तिथे माडांच्या सावलीत जुनं कब्रस्तान आहे आणि जहाज फुटल्याच्या कथेची आठवण म्हणून स्मारक. बुडालेल्यांना इथेच पुरलं, पुरुष एका ठिकाणी आणि बायका दुसऱ्या, असं मानतात. यहुद्यांमध्ये कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. लोदकर किनाऱ्यावर पळाला आणि मूठभर खडे घेऊन आला. एक स्वतः ठेवला, एक आजीला दिला, एक माझ्या आईला. आईने तो ठेवला आणि सवयीने हात जोडले. बराच वेळ कुणी बोललं नाही. पाऊसही थांबला होता.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा बेने इस्रायल इथे वीस हजारांच्या आसपास होते. आता भारतात जेमतेम काही हजार उरलेत, बहुतेक मुंबई-ठाणे आणि रायगडात. इस्रायलमध्ये नोहा मस्सील यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मावशीच्या घरी त्याचे अंक आहेत. तिची मुलगी मात्र ते वाचू शकत नाही.

जाताना ठरलं, पुढची सुट्टी आमची. आईने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. २०२० मध्ये कोरोना आला. मग २०२३ च्या दिवाळीत जायचं ठरवलं, तारखा पाहिल्या, आईने चिवड्याचे पोहेसुद्धा आणून ठेवले. ७ ऑक्टोबरला तिथे हल्ला झाला आणि युद्ध पेटलं. त्यात दोन्हीकडची माणसं गेली, गाझामध्ये तर मुलंच हजारोंनी. मावशीचं घर जिन्यापासून लांब. भोंगा वाजला की खाली आसऱ्याच्या खोलीत पळायचं, आणि तिचे गुडघे दुखतात. "मला आता भोंग्याची आठवण काढायला नको," असं तिने फोनवर सांगितलं. ती विनोद करत होती की नाही, आईला कळेना. तेव्हापासून आई सकाळी उठली की आधी फोन बघते, निळी खूण आली का म्हणून. खूण दिसली की मग चहा ठेवते.

पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीखाली, कोरा.

आईच्या मोबाईलमध्ये मुलाचं नाव 'लोदकर' असंच आहे. यंदा श्रावणात तिने वाल भिजत घातले आणि मोड आल्यावर फोटो पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं. त्याने हळूहळू देवनागरी शिकायला घेतलंय, आजीच शिकवते. एकच शब्द होता: 'भुक'. उकार चुकलेला. मी शाळेतली बाई, हात शिवशिवले. पण आईने फोन हातातून काढून घेतला.