युरोकॅनिक आम्ल

युरोकॅनिक आम्ल हे सस्तन प्राण्यांच्या बाह्यत्वचेत आढळणारे व अतिनील किरण शोषून घेणारे संयुग आहे. अतिनील किरणांमुळे त्याच्या रेणूची रचना बदलते आणि बदललेले रूप त्वचेतील रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवहनावर परिणाम करते. मॅक्स याफे यांनी १८७४ मध्ये ते कुत्र्याच्या मूत्रातून वेगळे केले. मूत्र व कुत्रा या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून त्यास हे नाव मिळाले.

निर्मिती

त्वचेच्या शृंगस्तरात फिलाग्रिन या प्रथिनाचे विघटन होऊन हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मुक्त होते. हिस्टिडेझ या विकरामुळे त्यापासून ट्रान्स-युरोकॅनिक आम्ल तयार होते. यकृतात त्याचे पुढे विघटन होते. परंतु त्यासाठी लागणारे युरोकॅनेझ हे विकर बाह्यत्वचेत नसल्याने ते तेथे साठून राहते.

प्रकाशाचा परिणाम

सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे (तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर) ट्रान्स रूपाचे सिस रूपात परिवर्तन होते. ही क्रिया उलट दिशेनेही घडत असल्याने दोन्ही रूपांत समतोल साधला जातो व सर्व आम्ल सिस रूपात जात नाही.

प्रतिकारक्षमतेवरील परिणाम

अतिनील किरणांमुळे उंदरांमध्ये उद्‌भवलेले अर्बुद निरोगी उंदरांत रोपण केल्यास बहुधा नाकारले जाते, मात्र किरणांच्या संपर्कात आलेल्या उंदरांत ते वाढते, असे मार्गारेट क्रिपके यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. या प्रतिकारदमनास कारणीभूत असलेला त्वचेतील प्रकाशग्राही घटक युरोकॅनिक आम्ल असावा, असे डी फॅबो व नूनन यांनी १९८३ मध्ये सुचविले.

सिस-युरोकॅनिक आम्ल सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या ग्राहीशी जोडले जाते, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. केराटिन पेशींमधून प्रोस्टाग्लँडिन ई२ स्रवणे व मास्ट पेशींमधून हिस्टामीन बाहेर पडणे, या क्रियांशीही त्याचा संबंध आहे. परिणामी लँगरहान्स पेशींची टी-पेशींना प्रतिजन सादर करण्याची क्षमता घटते व संपर्कजन्य अतिसंवेदनशीलता मंदावते. मात्र प्रतिकारदमनाचे हे एकमेव कारण नाही. अतिनील किरणांनी डीएनएला होणारी इजा हेही एक महत्त्वाचे कारण आहे.

संरक्षक की घातक

अतिनील किरण शोषत असल्याने ट्रान्स-युरोकॅनिक आम्ल नैसर्गिक संरक्षक मानले जाई आणि सौंदर्यप्रसाधनांतही वापरले जाई. त्याच्या सिस रूपाचे गुणधर्म लक्षात आल्यानंतर युरोपीय संघाने प्रसाधनांतील त्याचा वापर निषिद्ध केला. याउलट, हिस्टिडेझचा अभाव असलेल्या उंदरांच्या त्वचेत अतिनील-ब किरणांमुळे डीएनएची हानी अधिक होते, असे २०११ मधील संशोधनात आढळले. म्हणजेच हे आम्ल डीएनएचे काही प्रमाणात रक्षण करते आणि त्याच वेळी अर्बुदाविरुद्धची प्रतिकारशक्तीही क्षीण करू शकते.