गोष्टीतला हिशेब

उद्योजकांच्या गोष्टी सांगून तरुणांना धंद्याकडे वळवायची मराठी परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या मराठी घरांत कारखानदारीचा विषय त्याने नेला.

त्या परंपरेतली सर्वांत गिरवलेली गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळचा माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. शाळेत मात्र या सगळ्यातून 'जिद्द' एवढंच उरलं. त्या दोन वर्षांचा खर्च कसा भागला असेल, हे मुलांना कुणी विचारलं नाही.

१९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. नफा-तोटा सगळ्यांचा, पण तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालं आणि उद्योजकता शिकवण्याला सरकारी घडी मिळाली. नंतर यशोगाथांची पुस्तकं, व्याख्यानं, व्हिडिओ यांचा पूर आला. नायक मोठे होत गेले, हिशेब दिसेनासा झाला.

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या शाळेतल्या वर्गात मला हाच हिशेब हवा आहे. या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर जातात. कर्ज म्हणजे काय, हे इथल्या मुलाला समजावावं लागत नाही. उचल अंगमेहनतीने फेडायची असते. लिज्जतच्या ८० रुपयांतून मात्र विकण्याजोगा माल झाला आणि धंदा त्या बायकांच्याच हाती राहिला. उचल आणि ८० रुपये, हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी मांडले, तर भांडवल म्हणजे काय ते मुलं स्वतःच सांगतील.

गावात आठवडी बाजार भरतो. तिथला भाजीवाला, शेळ्यांचा व्यापारी, शिलाई मशीन चालवणारी ताई यांना वर्गात बोलवावं. खरेदी किती, उधारी किती बुडाली, कुठला माल अंगावर पडला, हे त्यांनी सांगावं. थोरांची चरित्रं वाचावीतच. पण त्यांच्या शेजारी गावातल्या माणसाची वही उघडी असली, तरच वर्गातली मुलगी घरी जाऊन स्वतःच्या धंद्याचा पहिला हिशेब मांडेल.