पेटकरांची झुंज पडद्यावर का उणावली?

राजुरी (ता. जुन्नर) : जुन्नर-आंबेगाव परिसरात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा आलाच. त्यामुळे कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटाचा पूर्वार्ध इथल्या प्रेक्षकाला परका वाटत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून परतलेल्या खाशाबा जाधवांचे स्वागत पाहून भारावलेला सांगली जिल्ह्यातील एक मुलगा, त्याला मिळालेले चिडवण्याचे नाव, तालमीतली माती, हे सारे ओळखीचे आहे. चित्रपट कमी पडतो तो पुढे.

मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ईएमई दलातील जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. दीर्घकाळ ते बेशुद्ध होते. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयातील उपचारांच्या काळात ते पोहण्याकडे वळले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण.

मणक्याला इजा झालेला सैनिक दुसऱ्या महायुद्धापूर्वी सहसा फार काळ जगत नसे. गोळीने नव्हे, तर अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने तो दगावत असे. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून अशा जवानांसाठी खेळ हाच उपचार मानला. १९४८ मध्ये तेथे स्पर्धा भरल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. म्हणजे पेटकर ज्या तलावात जिंकले, त्याची वाट जखमी सैनिकांच्या वॉर्डातूनच गेली होती. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, खांदे आणि हात पायांचे काम करू लागतात. मुष्टियोद्ध्याचे खांदे इथे कामी आले असावेत.

एवढे समृद्ध द्रव्य हाताशी असताना चित्रपट रमतो तो एकसलग चित्रित केलेल्या युद्धदृश्यात आणि आगगाडीतल्या गाण्यात. युद्धप्रसंग थरारक आहे, यात शंका नाही. मात्र पेटकरांची खरी लढाई गोळीबार थांबल्यावर सुरू झाली. पलंगावरची ती संथ, कंटाळवाणी, अपमानास्पद वर्षे विनोदी प्रसंग आणि प्रेरक संवाद यांच्या आधाराने भराभर उरकली जातात. पदकानंतरची साडेचार दशके तर पोलीस ठाण्यातील निवेदनाच्या चौकटीतच आटोपतात. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणारा सुवर्णपदकविजेता विस्मृतीत कसा गेला, हा खरे तर स्वतंत्र चित्रपटाचा विषय.

दोष अभिनेत्याचा नाही. कार्तिक आर्यनने शरीर कमावले, पोहणे आत्मसात केले. या भूमिकेसाठी २०२५ मध्ये त्याला फिल्मफेअर पुरस्कारही विभागून मिळाला. तरीही १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला खर्चाच्या मानाने तिकीटबारीवर अपेक्षित यश लाभले नाही.

चित्रपटामुळे पेटकरांचे नाव पुन्हा घराघरांत पोहोचले, हे मात्र मान्य करावे लागेल. कथेतील वृद्ध नायक अर्जुन पुरस्कारासाठी तक्रार घेऊन ठाण्यात येतो आणि शेवट २०१८ च्या ‘पद्मश्री’वर होतो. प्रत्यक्षात अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला तो चित्रपटानंतर, १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी.