जाहिरातीतलं नावीन्य आणि कुतूहल : संशोधनात वेगळं कसं करायचं?

पेट झाली की सिनॉप्सिसची घाई सुरू होते. जाहिरात हा विषय घेतला की हमखास शीर्षक ठरतं, ‘आकर्षक जाहिरातींचा ग्राहकांवरील परिणाम’. आता ‘आकर्षक’ मोजणार कसं? इथंच गाडी अडते. म्हणून त्याचे दोन भाग करू.

नावीन्य म्हणजे अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसणं. नजर थांबते, पण तेच परत परत दिसलं की सवय होते. कुतूहल वेगळं. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये मांडलं की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय, त्यातली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. म्हणजे थोडं माहीत असावंच लागतं. ज्याचा गंधच नाही, त्याबद्दल उत्सुकता कुठून येणार?

अमूलचे होर्डिंग बघा. 1966 पासून ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी तीच, पण ओळ आणि प्रसंग दरवेळी नवा. मुलगी ओळखीची, म्हणून ब्रँड लक्षात राहतो. शब्दांची कोटी बातमी माहीत असेल तरच उलगडते, म्हणून वाचणारा क्षणभर डोकं चालवतो. फट छोटी, आणि ती तिथंच भरते.

आता आपल्या परभणीत या. खरीप तोंडावर आला की मोंढ्यात बियाण्यांचे फलक लागतात. समजा, एका फलकावर एवढंच आहे : ‘यंदा सोयाबीनचं गुपित उघडणार!’ लोक थांबतील, चर्चाही होईल. पण वाण किती दिवसांचं, उगवणक्षमता किती, हे कुठंच नसेल तर? सोयाबीन बियाण्यासाठी उगवणीचं किमान प्रमाण 70 टक्के ठरलेलं आहे. शेतकऱ्याचा निर्णय अशा आकड्यांवर होतो, आणि चुकला तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच डोक्यावर. उत्तर मिळणारच नसेल, तर ते कुतूहल नाही, फसवणूक आहे.

प्रयोग कसा आखाल?

एकाच वाणाच्या चार जाहिराती करा : चित्र ओळखीचं किंवा नवं, आणि मुख्य माहिती आधीच दिलेली किंवा प्रश्न विचारून शेवटी दिलेली. उत्पादन, मजकुराची लांबी, अक्षरांचा आकार सारखाच ठेवा. कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आधी प्रत्येकाला त्या पिकाची किती माहिती आहे ते तपासा, कारण कुतूहल त्यावरच उभं असतं. मग तीन गोष्टी मोजा : किती वेळ पाहिलं, आठवड्यानं वाणाचं नाव आठवलं का, आणि उगवणीचा आकडा आठवला का. पहिली वाढली आणि उरलेल्या दोन घसरल्या, तर जाहिरात नुसतीच बघितली गेली.

सिनॉप्सिसमध्ये आता ‘आकर्षक’ खोडा. त्या जागी काय बदलणार आणि काय मोजणार, हे लिहा. गाइडचा पहिला प्रश्न तोच असतो.