उशिरा बहरणारे खेळाडू : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील निवडीचे शास्त्र

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये संघाचे भवितव्य मैदानाआधी शाळांमध्ये ठरते. अंडाकृती चेंडूचा हा खेळ तिथे सुमारे 10 लाख शाळकरी मुले खेळतात. सर्वोच्च गटातील विद्यापीठे जेमतेम सव्वाशेच्या वर, आणि प्रत्येकाला अनेक दशके केवळ 85 शिष्यवृत्त्यांची मुभा होती. त्यामुळे एक निवड चुकली की ती जागा काही वर्षांसाठी अडकून पडे.

निवडीचा रूढ आधार म्हणजे तारांकन. रायव्हल्स, 247स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा संस्था शाळकरी खेळाडूंना दोन ते पाच तारे देतात. पाच तारे वर्षाला तीसेक मुलांच्याच वाट्याला येतात. करारावर सह्या पूर्वी फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारपासून होत. 2017 पासून डिसेंबरमध्येही होऊ लागल्या. प्रशिक्षकांचे प्रस्ताव मात्र त्याच्या कितीतरी आधी, मुलगा सोळा वर्षांचा असतानाच येऊ लागतात.

एकूण हिशेबात हे तारे खोटे ठरत नाहीत. चार-पाच तारे मिळवलेल्यांचा भरणा असलेले संघच बहुधा राष्ट्रीय विजेते होतात. पण तारांकन मोजते ते मुलाचे आजचे शरीर आणि आजचा खेळ. कोणाची उंची अठराव्या वर्षानंतरही वाढते, कोणाचे गाव इतके लहान की तिथे निवडकर्ते फिरकत नाहीत, तर कोणी शाळेत चुकीच्या जागेवर खेळत असतो. ही सारी मुले यादीबाहेर राहतात.

जॉश ॲलन हे याचे ठळक उदाहरण. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला हा मुलगा शाळा संपली तेव्हा किरकोळ अंगाचा होता. सर्वोच्च गटातल्या एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथे उंचीने आणि वजनाने भरला, आणि देशभरच्या प्रशिक्षकांना स्वतःच ईमेल पाठवत राहिला. अखेर वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. 2018 मध्ये बफेलो बिल्स या संघाने त्याला व्यावसायिक निवडीत सातव्या क्रमांकावर उचलले आणि 2024 च्या हंगामात तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

जागा बदलल्याने बहरलेल्यांमध्ये जे. जे. वॉटचे नाव मोठे आहे. सेंट्रल मिशिगन विद्यापीठात तो पास झेलणाऱ्या टाइट एंडच्या जागी खेळे. ती शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला विनाशिष्यवृत्ती दाखल झाला, बचावफळीत गेला आणि पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू झाला. त्याच सेंट्रल मिशिगनने जो स्टेलीला टाइट एंडवरून आक्रमणफळीत टॅकलच्या जागी नेले. 2007 मध्ये त्याची पहिल्या फेरीत निवड झाली. तिथलाच, शाळेत फारसा कोणाच्या नजरेत न भरलेला एरिक फिशर 2013 च्या निवडीत देशात पहिला आला.

अशी मुले हेरणाऱ्या प्रशिक्षकांची पद्धत ठरलेली असते. ते आजच्या वजनापेक्षा खांद्यांची रुंदी, हातांची लांबी आणि आईवडिलांची उंची पाहतात. रुंद सांगाड्यावर आहार आणि व्यायामाने वजन चढवता येते, चपळाई मात्र सहसा उपजत असावी लागते. म्हणून बास्केटबॉल, कुस्ती किंवा धावण्याच्या शर्यतीत मुलगा कशी हालचाल करतो, हे ते मुद्दाम जाऊन बघतात.

हेरलेल्याला वेळही द्यावा लागतो. त्यासाठी ‘रेडशर्ट’ची सोय आहे : खेळाडू वर्षभर सराव करतो, सामने जवळजवळ खेळत नाही आणि चार हंगामांचा त्याचा हक्क शाबूत राहतो. 2018 पासून अशा वर्षात चार सामने खेळण्याची परवानगी मिळाली. दुसरी वाट ‘वॉक-ऑन’ची, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात येण्याची. टेक्सास टेक आणि ओक्लाहोमा या दोन्ही ठिकाणी याच वाटेने गेलेल्या बेकर मेफील्डने 2017 मध्ये हाइझमन हा सर्वोच्च पुरस्कार जिंकला.

अलीकडे हा संयम महाग झाला आहे. 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले आणि 2021 पासून एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याचे बंधन उठले. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे लहान विद्यापीठाने घडवलेला खेळाडू बहरताच मोठे विद्यापीठ त्याला ओढून नेते. शाळेतून येणाऱ्या कच्च्या मुलाऐवजी तयार खेळाडू घेण्याकडेही कल वाढला आहे. 2025 मध्ये नवे नियम स्वीकारलेल्या संघांवरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन 105 खेळाडूंची मर्यादा आली, तेव्हा वॉक-ऑन मुलांच्या जागा आक्रसल्या. उशिरा बहरणारे खेळाडू घडायला दोन-तीन वर्षे पूर्वीही लागत आणि आताही लागतात. म्हणून त्यांना हेरण्याइतकेच, बहर येईपर्यंत आणि आल्यावरही संघात टिकवणे हे आता प्रशिक्षकाचे काम झाले आहे.