दशावताराचे एक नवे आख्यान



भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. पितळेवर पडणारे हातोड्याचे घाव नवख्या माणसास केवळ गोंगाट वाटतात. परंतु शेजारी राहणाऱ्यास हळूहळू त्यातला ठेका कळू लागतो, आणि कारागिराने भांडे केव्हा फिरविले हेही तो डोळे मिटून सांगू शकतो. माझ्या पुतण्याने "काका, एवढे एकदा ऐकाच" म्हणून जे संगीत माझ्या कानी घातले, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. माझा पहिला अभिप्राय 'गोंगाट' असाच होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

मुंबईस 'डेमॉनिक रिझरेक्शन' नावाचा वाद्यवृंद साहिल मखिजा यांनी २००० साली स्थापन केला. त्याने २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रम तोच, जो आपण लहानपणी पाठ केला. नाव राक्षसाचे आणि कथा विष्णूची, हे पाहून मला प्रथम हसू आले. परंतु या संगीताचे कूळ शोधू लागलो, तेव्हा हसण्यासारखे फारसे उरले नाही.

'ब्लॅक मेटल' या प्रकाराला आजचे रूप आले ते नॉर्वे देशात, १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. काही तरुण वादकांनी ख्रिस्ती धर्माविरुद्ध जणू युद्धच पुकारले. जून १९९२ मध्ये बर्गेन शहराजवळचे फानटॉफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले. पुढे आणखीही चर्चे जळाली, आणि १९९४ साली या मंडळींपैकी काहींना जाळपोळ व खून यांबद्दल शिक्षा झाल्या. त्याच मंडळींच्या पिढीतून ओस्लोचा 'उल्व्हर' हा वृंद निघाला. त्याने १९९५ साली डोंगरात ओढून नेलेल्या मुलीची लोककथा एका अल्बमात सांगितली, आणि १९९८ साली तर इंग्रज कवी विल्यम ब्लेक याचा स्वर्ग-नरकाच्या विवाहावरील अखंड ग्रंथच दोन तबकड्यांत संगीतबद्ध केला. त्या वेळी पूर्वीचा आक्रोश बराचसा टाकून त्यांनी यंत्रोत्पन्न ध्वनी हाती घेतले. जुने चाहते रुष्ट झाले. परंतु एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली : या संगीतात संतापाखेरीज दीर्घ कथा वाहून नेण्याचीही शक्ती आहे. आमचा मुंबईचा वृंद २०१० साली ओस्लोच्या 'इन्फर्नो' महोत्सवात वाजवून आला, तो याच भूमीत.

आता हे संगीत घडते कसे? गिटारची एकच तार अतिवेगाने वर-खाली छेडली जाते, इतकी की सुटे आघात मिटून सलग झंकार उरतो. आपल्याकडील संतुरवादक काड्यांनी जे साधतो, त्याचाच हा प्रखर भाऊबंद. ढोल हाताने नव्हे, दोन्ही पायांनी वाजतो, आणि त्यावर झांजा व लहान नगारा यांचे प्रहार अखंड पडतात. गायकाचा आवाज घसा खरवडून काढल्यासारखा भासतो; पण स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात, त्यांना कंप देऊन तो काढावयाचा असतो. हे शास्त्र न शिकता जो नुसता ओरडतो, त्याचा गळा बसल्यावाचून राहत नाही. 'दशावतारा'त हा खरखरीत आवाज आणि साधे सुरेल गायन अशी दोन्ही अंगे आहेत, आणि मधूनमधून भारतीय वाद्यांचे सूरही येतात.

पवित्र कथा अशा गर्जनेत सांगावी काय? भंडाऱ्याहून रामटेक फार दूर नाही. तेथे टेकडीवर वाकाटकांच्या काळचा, पाचव्या शतकातला केवल-नरसिंह आहे. भव्य, एकटा, शांत बसलेला. त्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मला गाण्यातली गर्जना परकी वाटली नाही. स्तंभ फुटला तेव्हा जो नाद झाला असेल, तो तंबोऱ्यावर मावणारा खास नव्हता. रौद्र आणि भयानक हे रस आपल्याच शास्त्रकारांनी नवरसांत मोजले आहेत. परशुरामासही हा बाज शोभतो. वामनाचे मात्र तसे नाही. बटूने हळूच तीन पावले मागितली, यातच त्या कथेचे सारे मर्म. तेथे आठही दिशांनी नगारे झडले म्हणजे बळीची फसगत व्हावी कशी? शिवाय शब्द इंग्रजी, आणि या आवाजात ते ऐकू येणे दुर्घट. आपला कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा थांबतो, अर्थ सांगतो, पुन्हा पद धरतो. येथे मला कागद हाती घेऊन वाचावे लागले. हा दोष मी तरी लहान मानीत नाही.

परंतु खरी अडचण नवव्या गाण्याशी आहे. ते बुद्धाचे. महाराष्ट्रातील जुन्या दशावतारपटांत नवव्या ठिकाणी पुष्कळदा विठ्ठल काढीत. अल्बमाने बुद्ध घेतला. आमच्या जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे पडले. याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती, व त्यांना अपयश आले होते. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, हा त्यांतील एकीचा आशय. जे घर ही प्रतिज्ञा पाळते, त्याला नववे गाणे गोड कसे लागावे? कलावंताने परंपरेतला क्रम घेतला, यात त्याचा दुष्ट हेतू मला दिसत नाही. पण क्रम घेतला की त्याबरोबरचा वादही पदरी येतो.

माझे एक स्नेही पवनीचे. मोठ्या हौसेने त्यांनी आठ गाणी ऐकली, नरसिंहाचे तर दोनदा लावावयास सांगितले. आठवे संपले, तेव्हा त्यांनी यंत्राकडे बोट दाखविले आणि "आता असू द्या" एवढेच म्हणाले. पुतण्याने ते बंद केले. मग चहा आला, धानाच्या भावाच्या गोष्टी निघाल्या, आणि कल्कीचे गाणे त्या दिवशी राहूनच गेले.