प्राणि-आश्रयगृहे व लोकशिक्षण

प्राणि-आश्रयगृहे व लोकशिक्षण : सोडून दिलेल्या, चुकलेल्या, जखमी वा आजारी प्राण्यांना निवारा, उपचार व शक्य तेव्हा नवे घर मिळवून देणाऱ्या संस्थेस प्राणि-आश्रयगृह म्हणतात. केवळ आश्रय दिल्याने बेवारशी प्राण्यांची संख्या घटत नाही; ती ज्या निष्काळजी पालनातून वाढते, त्यालाच आळा घालावा लागतो. म्हणून मुले व कुटुंबे यांना जबाबदार प्राणिपालनाचे शिक्षण देणे, हे अशा गृहांचे एक महत्त्वाचे कार्य होय.

मुंबईत १८३४ मध्ये पांजरपोळ स्थापन झाले. पांजरपोळात अपंग व वृद्ध जनावरे अखेरपर्यंत पोसली जातात. आश्रयगृहाचा भर मात्र प्राणी पुन्हा घरी पोहोचविण्यावर असतो. लंडन येथे १८६० मध्ये मेरी टील्बी यांनी चुकलेल्या कुत्र्यांसाठी गृह काढले. ते १८७१ मध्ये बॅटर्सी येथे हलविण्यात आले. अमेरिकेत जॉर्ज एंजल यांनी १८८२ मध्ये मुलांची दयामंडळे सुरू केली. त्यांचे सभासद प्राण्यांशी दयाळूपणे वागण्याची प्रतिज्ञा घेत.

आश्रयगृहास भेट देणाऱ्या मुलांना प्राण्याची देहबोली ओळखण्यास शिकवितात. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्यास हात लावू नये. अनोळखी कुत्र्याजवळ धावत जाऊ नये. तो अंगावर आल्यास पळू नये, हे प्रात्यक्षिकाने दाखवितात. या शिक्षणाचा आरोग्याशी निकटचा संबंध आहे. अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लक्षणे एकदा प्रकट झाली, की रुग्ण बहुधा वाचत नाही आणि मानवी रुग्णांपैकी बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो. रागावतील या भीतीने मुले चावा वा ओरखडा लपवितात. तसे न करता तो तत्काळ वडीलधाऱ्यांस सांगावा, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी, हे मुलांच्या मनावर बिंबविणे अत्यावश्यक असते [→ अलर्क रोग].

कुटुंबाला प्राणी देण्यापूर्वी घरातील जागा, वेळ व खर्च यांची चौकशी केली जाते. कुत्रा साधारणतः १० ते १५ वर्षे जगतो. त्यामुळे मुलाच्या हट्टाखातर आणलेल्या पिलाची जबाबदारी अखेर प्रौढांवरच येते. कुत्री व मांजरी यांचा गर्भावधी सु. नऊ आठवड्यांचा असून एका वेतात अनेक पिले होतात. पिलांना घरे न मिळाल्यास ती रस्त्यावर सोडली जातात. म्हणून निर्बीजीकरणाचा आग्रह धरला जातो. अलर्क-प्रतिबंधक लस पिलू सु. तीन महिन्यांचे झाल्यावर प्रथम टोचतात व पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढील मात्रा देतात.

भारतात प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार सबळ कारणाशिवाय पाळीव प्राणी सोडून देणे हा अपराध आहे. याच अधिनियमान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या कार्यांत भूतदयेच्या शिक्षणाचाही अंतर्भाव होतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. तथापि कायद्याची अंमलबजावणी घराघरांत होऊ शकत नाही. तसेच प्राणी आणण्याचा व टाकण्याचा निर्णय मुले घेत नसल्याने शाळेच्या एका सहलीने फारसे साधत नाही. पालकांचा सहभाग आणि प्राणी नेल्यानंतरही आश्रयगृहाने ठेवलेला संपर्क यांवरच या शिक्षणाचे यश अवलंबून असते.